संकल्पाला भोंगा हवा

एक जानेवारीच्या पहाटे साताऱ्यात चार भिंतींच्या टेकडीच्या चढावर जेवढी माणसं दिसतात, तेवढी एरवी फार क्वचित दिसतात. नवे कोरे बूट, घडीच्या खुणा न गेलेले ट्रॅकसूट, कानटोप्या, हातात पाण्याच्या बाटल्या. सांगलीत हीच वर्दळ आमराईत आणि कृष्णेच्या घाटावर असते. या गर्दीत दोन जाती चटकन ओळखू येतात. नवे चालणारे पावलांपेक्षा तोंड जास्त चालवतात, दर वळणावर मोबाइल काढून पावलं मोजतात आणि थांबून सेल्फी घेतात. जुने मात्र हात मागे बांधून, काल चालले तसेच आज चालतात आणि नव्यांना मुकाट्याने वाट देतात. त्यांच्या चेहऱ्यावर खिडकीची जागा धरून बसलेल्या एसटीच्या प्रवाशाचा शांतपणा असतो : ही मंडळी पुढच्या स्टँडवर उतरणारच आहेत, उगाच कशाला भांडा. त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही. संक्रांतीला गर्दी विरळ होते आणि प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास चढ पुन्हा जुन्यांच्या ताब्यात येतो.

या गळतीचं कारण विचाराल तर जो तो एकच सांगतो : मनोनिग्रह नाही हो आपल्या लोकांत. हे निदान करणाराही बहुधा गळालेलाच असतो, त्यामुळे त्याला अनुभवाचं वजन असतं. पण ते पटण्यासारखं नाही. या दोन जिल्ह्यांत मनोनिग्रहाचा तुटवडा आहे असं म्हणायला पुरावा सापडत नाही; उलट पुरावे मुबलक आहेत. चुकतं ते दुसरीकडेच. सातारा-सांगलीत आजवर ज्या सवयी टिकल्या, त्या कुणी एकट्याने, मनातल्या मनात, पांघरुणात पडल्या पडल्या ठरवलेल्या नव्हत्या. त्यांना ठरलेली वेळ होती, ऐकू जाणारी इशारत होती आणि बघणारे शेजारी होते. एक जानेवारीच्या संकल्पाला यातलं काहीच नसतं. असते फक्त तारीख, आणि तीही चुकीची.

तारखेचं आधी उरकून टाकू. गोड सोडायचं, वजन उतरवायचं, तर आपल्याकडे जानेवारीइतका गैरसोयीचा महिना शोधून काढावा लागेल. उसाचा हंगाम ऐन भरात असतो. गुऱ्हाळावर गेलं की ताज्या गुळाचा खडा हातावर ठेवतातच, आणि वर काकवीची बाटली भरून देतात. शेतावर हुरडा असतो. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि तिच्यावर लोण्याचा गोळा. दुसऱ्या दिवशी संक्रांत, म्हणजे गोड खाल्लं नाही तर गोड बोलण्याचेही वांधे. पौषात पालीच्या खंडोबाची जत्रा, मांढरदेवला काळूबाईची यात्रा, आणि जत्रा म्हटली की गावोगावच्या पाहुण्यांची उठबस. पौषात लग्नं नसतात एवढाच काय तो दिलासा. ज्यांनी ही तारीख ठरवली त्यांच्या शेतात तेव्हा ऊस उभा नव्हता, हे उघड आहे.

पण तारखेवरच सगळं खापर फोडता येणार नाही. तीन जानेवारीला पाहुण्याच्या ताटातली नळी नाकारण्याचं बळ ज्याला येत नाही, तोच गृहस्थ श्रावणात महिनाभर मटण, अंडं, दारू यांपैकी कशालाही शिवत नाही. काही जण तर हे गणपती उठेपर्यंत ओढतात. मनोनिग्रह नसलेल्या माणसात हा मनोनिग्रह आषाढी अमावास्येच्या रात्रीत कुठून येतो? त्या रात्री तर तो अंगात असल्याची कसलीच लक्षणं दिसत नाहीत. खरी गोष्ट अशी, की श्रावणात त्याला मोहाशी झुंजावंच लागत नाही. घरात मटण शिजत नाही, खाटकाच्या दुकानापुढे रांग नसते, मित्र ‘बसायचं का’ म्हणून विचारत नाहीत. मोह स्वतःच महिनाभर रजेवर गेलेला असतो. शिवाय कधी सुटायचं ते कॅलेंडरवर छापलेलं असतं. जानेवारीच्या संकल्पाला शेवटची तारीखच नसते. ‘आता गोड बंद’ म्हणजे थेट मरेपर्यंत. जन्मठेप ऐकल्यावर कैदी पळायच्या वाटा शोधणारच.

याचा सगळ्यात स्वच्छ दाखला सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात आहे. गावाचं नाव मोहित्यांचे वडगाव. करोनाच्या काळात शाळा मोबाइलवर भरली. पुढे ती पुन्हा वर्गात भरू लागली, पण मोबाइल काही पोरांच्या हातून खाली उतरेना. आणि थोरांच्या हातात कोणती पोथी होती म्हणा. २०२२ च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, गावातल्या बायकांच्या सभेत ठरलं : रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजेल आणि घरोघरचे टीव्ही-मोबाइल बंद होतील. साडेआठला पुन्हा भोंगा. मग ज्याने त्याने हवं ते करावं. मधल्या दीड तासात पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, नाहीतर बोलायचं. गडीमाणसं आधी हसली. मग अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक दारोदार फिरले, आणि हसणं आटोपलं. निवृत्त शिक्षक दारात उभा राहिला की पन्नाशीचा बाप्याही हातातलं लपवतो, ही पश्चिम महाराष्ट्रातली जुनी खोड आहे.

या योजनेचं शहाणपण नीट बघण्यासारखं आहे. गावाने कुणालाही ‘चांगले व्हा’ म्हटलं नाही; ‘दीड तास चांगले व्हा’ एवढंच म्हटलं. साडेआठनंतर रात्री दोनपर्यंत रील्स बघितल्या तरी भोंग्याची हरकत नाही. दुसरं म्हणजे वेळ निवडली ती ऐन मालिकांची. आणि निवडली कुणी, तर ज्यांच्या नावाने मालिका चालतात त्या बायकांनीच. चोरून बघायचं म्हटलं तर टीव्हीचा आवाज शेजारच्या भिंतीतून जातो, म्हणजे तो बंद करून बघावं लागणार. आणि आवाज बंद केलेल्या मालिकेत बघण्यासारखं काही उरत नाही, कारण घडत काहीच नसतं, जे असतं ते सगळं पार्श्वसंगीतात असतं. मोबाइल चोरून बघणं सोपं. वडगावातही पांघरुणात उजेड पडत असेलच. पण जे उघड चालायचं ते आता पांघरुणात शिरून करावं लागतं, हा फरक लहान नाही. हेच काम आपण एकटे करायला जातो तेव्हा फोनमध्येच वेळेची मर्यादा लावतो. मर्यादा संपली की फोन नम्रपणे विचारतो, आणखी पंधरा मिनिटं देऊ का? विचारणारा आपलाच फोन, हो म्हणणारेही आपणच. नकार यायचा तो कुणाकडून?

यावर शहाणी माणसं आक्षेप घेतात, की ही सवय नव्हे, सक्ती आहे. खरी सवय आतून यावी लागते आणि भोंगा बिघडला की वडगावची मंडळी सातच्या ठोक्याला टीव्हीपुढे बसलेली दिसतील. ‘आतून यावी लागते’ हे वाक्य ऐकायला छान वाटतं. पण आतून काय येतं याचा विचार केला, तर पहाटे साडेचारला बहुतेकांना आतून झोप येते. याच भागात हजारो शेतकरी वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस पहाटे उठतात आणि एकानेही तसा संकल्प सोडलेला नाही. गोठ्यात म्हैस असते. तिची धार वेळेत काढून किटली डेअरीवर पोचवायची असते, संकलनाची वेळ टळली की दूध घरी परत. तिला रविवार कळत नाही, मूड नसणं कळत नाही. म्हैस विकल्यावरही या माणसांना पहाटेच जाग येते, अशी घरच्यांची तक्रार असते. सक्ती बाहेरून आली, पुरेसे दिवस राहिली, आणि मग आत मुक्कामाला आली. आतली म्हणून जी मिरवतो, ती सवय अशीच कधीतरी बाहेरून आलेली असते.

औंध संस्थानाने तर याचा राज्य पातळीवर प्रयोग केला. संस्थान तुकड्या-तुकड्यांचं, त्यातलं औंध आज साताऱ्यात, आटपाडी आणि कुंडल सांगलीत. १९०९ साली गादीवर आलेले भवानराव पंतप्रतिनिधी आधी युजेन सँडोच्या पद्धतीने व्यायाम करायचे. त्या काळी जगभर सँडोचीच चलती होती. मग त्यांनी सूर्यनमस्कार धरले ते कायमचे. राजा रोज नमस्कार घालतो, राजाच्या घरचे घालतात, हे संस्थानात सगळ्यांना ठाऊक. शाळांतून मुलांना सक्तीचे. आता राजाला खाडा करायची काय बिशाद? ज्या गोष्टीसाठी आपण हजारो पोरांना थंडीत मैदानात उभं केलं, ती आपणच सोडली तर तोंड कुठं दाखवायचं? सूर्यनमस्काराचा प्रचार करणाऱ्या राजाला स्वतःचे नमस्कार टिकवण्याचा याहून पक्का बंदोबस्त सापडला नसता. जिमची फी भरण्यापेक्षा चार पोरांना शिकवायला घ्यावं, असा याचा अर्थ होतो, आणि तो आजही खरा आहे.

त्याच संस्थानात १९३९ साली मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या इंजिनिअरच्या कल्पनेतून आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची वसाहत उभी राहिली. भिंत नाही, गज नाहीत. कैद्यांनी शेती करायची आणि बायकापोरांसह राहायचं. आटपाडी तालुक्यातल्याच माडगुळ्याच्या गदिमांनी त्यावरून कथा लिहिली आणि शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ १९५७ साली पडद्यावर आला, हे आपल्याकडे बहुतेकांना माहीत असतं. सवयीच्या दृष्टीने बघण्यासारखं हे, की भिंत काढली म्हणून सगळंच मोकळं सोडलं नाही. शेताची वेळ राहिली, घरच्यांची नजर राहिली, बरोबरीचे लोक राहिले. कुलूप नसतानाही घडी बसू शकते, एवढं त्यातून दिसतं. सक्ती आणि इशारत यांत गल्लत होते ती इथे. भोंगा कुणाच्या दाराला कडी लावत नाही. सात वाजले, एवढंच सांगतो.

आपल्या जुन्या व्रतांना हे सगळं कळलेलं होतं. पूजेला बसलं की गुरुजी तळहातावर पाणी घ्यायला लावतात आणि संवत्सर, अयन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी, वार, कोणत्या नदीच्या कोणत्या तीरावर बसलात, गोत्र, नाव, आणि काय करणार आहात, इतकं सगळं वदवून घेतात. यजमानाचं लक्ष उपरणं सावरण्यात असतं, पण त्याने कधी, कुठे, कुणी आणि काय याची नोंद चारचौघांत केलेली असते. पीटर गॉलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या अखेरीस प्रयोगांनी दाखवून दिलं, की ‘मी हे करीन’ म्हणण्यापेक्षा ‘अमुक वेळी, अमुक ठिकाणी हे करीन’ म्हणणाऱ्याचं काम तडीला जाण्याची शक्यता जास्त. आमचे गुरुजी हे सव्वा रुपया, सुपारी आणि शिध्यावर पूर्वीपासून करून देत आहेत. एक जानेवारीचा संकल्प मात्र ‘यंदा जरा तब्येतीकडे बघायचं’ असा असतो. कधी बघायचं, कुठून बघायचं, काही पत्ता नाही.

व्रताला उद्यापनही असतं. सोळा सोमवार म्हणजे सोळा. त्यापुढे आणखी करा म्हणून कुणी गळ घालत नाही. आणि उपवासाला खिचडी असते. एकादशी दुप्पट खाशी म्हणून आपण हसतो, पण एकादशी इतकी शतकं टिकली यात साबुदाणा, रताळी, वरी आणि दाण्याच्या आमटीचा वाटा भक्तीच्या खालोखाल असावा. सवय मोडायची तर बदली काहीतरी द्यावं लागतं, तेही बरं लागेल असं. आहारतज्ज्ञ उकडलेला दुधी देतात. दुधीवर आजवर एकही संप्रदाय उभा राहिलेला नाही.

आता दिवस किती लागतात हा प्रश्न. एकवीस दिवसांत सवय लागते असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकातून फिरत फिरत आला. शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा रुग्णाला आपला वाटायला निदान एवढे दिवस जातात, असं त्याचं निरीक्षण होतं. म्हणजे नवं नाक अंगवळणी पडायचा हिशेब आपण पहाटे उठण्याला लावला. पुढे लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर अभ्यास केला. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात सरासरी निघाली ६६ दिवसांची, आणि माणसागणिक फरक १८ पासून २५४ पर्यंत. शिवाय असं दिसलं, की एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही. हे तालमीतल्या वस्तादांना सांगितलं असतं तर त्यांनी ‘मग काय’ म्हणून मिशीवर हात फिरवला असता. खाशाबा जाधवांचं गोळेश्वर, मारुती मानेंचं कवठेपिरान. हा सगळा टापू लाल मातीचा. तालमीत खाडा झाला तर दुसऱ्या दिवशी शिव्या बसतात, जादा जोर मारावे लागतात, पण पोराला कुणी हाकलत नाही. जिममध्ये खाडा झाला तर कुणी हूं की चूं करत नाही, कारण वर्षाची फी आगाऊ आलेली असते. जानेवारीत पैसे भरलेले सगळेच मार्चमध्ये उगवले तर उभं राहायला जागा पुरायची नाही. एकाला तुम्ही यायला हवे असता, दुसऱ्याला तुम्ही न आलेले परवडता.

या सगळ्याला सगळ्यात भक्कम पुरावा मात्र वाईट सवयीचा आहे. आजपासून तंबाखू सुरू करीन, असा संकल्प एक जानेवारीला कुणी केल्याचं ऐकिवात नाही. तरी ती टिकते, आणि कशी टिकते! दुपारचं जेवण झालं की गडी पारावर येतो. खिशातून पुडी, चुन्याची डबी. डाव्या तळहातावर चिमूट, नखाने चुना, उजव्या अंगठ्याने मळणं, काडी-कचरा वेचणं, मग दोन थापा. भुकटी उडते, शेजारचा शिंकतो आणि शिंकता शिंकताच हात पुढे करतो. त्याच्या हातावर अर्धी ठेवून उरलेली ओठाखाली. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, सामान खिशात, सोबती हजर. एकाकडे पुडी संपली तर दुसऱ्याकडे असते, म्हणजे खाड्याचीही सोय. चांगल्या सवयीसाठी जे जे लागतं ते सगळं इथे न मागता जुळून आलेलं असतं.

म्हणूनच, संगत सवयी टिकवते तर वाईटही टिकवते, हा आक्षेप मुकाट्याने मान्य करावा लागतो. तंबाखू सोडणारा मनाने सोडतो, पण बसतो त्याच पारावर, आणि चौथ्या दिवशी हात आपोआप पुढे जातो. वारकऱ्यांनी यावर तोड काढली ती गळ्यात दिसेल अशी. माळ घातलेल्या माणसाला पंगतीत वाढपी मटणाचं भांडं घेऊन विचारायला थांबत नाही. शेजारचाच म्हणतो, ‘माळकरी आहेत, त्यांना नको.’ नाही म्हणण्याचं काम दुसरेच करतात. लोणंदहून माऊलींची पालखी पुढे सरकताना तिच्यात दर वर्षी तेच तेच चेहरे दिसतात, त्यामागे भक्ती आहेच, पण ‘यंदा दिंडीत दिसला नाहीत?’ या प्रश्नाचा धाकही थोडाथोडका नाही.

धाकाचं एक टोक मात्र बोचरं आहे. तासगावच्या आर. आर. आबांनी ग्रामविकास मंत्री असताना २००० साली संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान सुरू केलं. गावोगावची गुड मॉर्निंग पथकं त्याच चळवळीतली : भल्या पहाटे टमरेल घेऊन निघालेल्याला गाठायचं आणि नमस्कार करून गुलाबाचं फूल द्यायचं. एका हातात टमरेल, दुसऱ्यात गुलाब, अशा अवस्थेत पुढचा कार्यक्रम पार पाडणं कुणालाही जड गेलं असतं. २०१८ च्या ग्रामीण स्वच्छ सर्वेक्षणात सातारा जिल्हा देशात पहिला आला, त्याच्या मुळाशी ही जुनी मशागत आहे. पण ज्याच्या घरी शौचालय नाही, बांधायला जागा नाही, पाणी नाही, त्याच्या हातात गुलाब देणं ही थट्टा नव्हे, क्रूरपणा आहे. आधी सोय, मग शेजाऱ्याची नजर; हा क्रम उलटला की त्यातून सवय लागत नाही, वैर लागतं.

मग एक जानेवारीला संकल्प करूच नये का? तसं नाही. जॉन नॉरक्रॉस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने २०० संकल्पवाल्यांचा पाठपुरावा केला तेव्हा आठवड्यानंतर ७७ टक्के लोक टिकून होते, दोन वर्षांनी १९ टक्के. पाचातला एक. आपल्या चार भिंतींच्या मानाने हे प्रमाण बरंच म्हणायचं. त्यांच्याच पुढच्या पाहणीत असंही दिसलं, की बदलायची इच्छा असूनही संकल्प न करणाऱ्यांपेक्षा करणारे कितीतरी पुढे जातात. तेव्हा संकल्प वाया जात नाही. त्याला एकटं आणि बिनमुदतीचं सोडलं की तो वाया जातो. कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावाने २०१६ मध्ये पहिल्या वॉटर कप या जलसंधारण स्पर्धेचं पहिलं बक्षीस घेतलं ते पंचेचाळीस दिवस, ऐन उन्हाळ्यात, कुदळ-फावडी घेऊन. तेच काम ‘गावाने आता कायम श्रमदान करावं’ अशा शब्दांत मांडलं असतं तर पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या कमरा धरल्या असत्या.

शेवटचा आक्षेप शहरी आहे. वडगावात मंदिर आहे, भोंगा आहे, सगळे एकमेकांना ओळखतात. साताऱ्याच्या सदर बझारात किंवा सांगलीच्या विश्रामबागेत फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने काय करायचं? त्याला गाव लागत नाही, खालून हाक मारणारा एक माणूस पुरतो. ‘अण्णा, येताय ना?’ ही हाक पहाटे साडेपाचला जिन्यात घुमली की अण्णांना जावंच लागतं, कारण न जावं तर हाक आणखी मोठ्याने येते आणि पहिल्या मजल्यावरच्या वहिनी जाग्या होतात. पण सोसायट्यांना एवढ्या साध्या उपायावर समाधान नसतं. त्या वडगावचा प्रयोग जसाच्या तसा राबवायला घेतील. वार्षिक सभेत भोंग्याचा ठराव येईल. भोंगा कोणत्या विंगवर, वीजबिल कुणाच्या मीटरवर, तिसऱ्या मजल्यावरच्या तान्ह्या बाळाचं काय, आणि सात वाजता बटण दाबणारा वॉचमन स्वतःच तेव्हा क्रिकेट बघत असतो त्याचं काय, यावर दोन तास जातील. अखेर भोंगा रद्द होऊन सूचना व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं ठरेल. सेक्रेटरी ती संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी टाकतील : आजपासून सात ते साडेआठ सर्वांनी मोबाइल बंद ठेवावेत. साडेआठपर्यंत त्याखाली ‘स्तुत्य उपक्रम’, ‘काळाची गरज’, ‘आम्ही सोबत आहोत’ असे अभिप्राय येत राहतील, आणि बी विंगमधले कुणीतरी काका विचारतील, भोंग्याची रिंगटोन कुणाकडे असल्यास ग्रुपवर पाठवावी.